एका ‘च’ची गोष्ट

‘मॅडम, मुलीचा मोबाइल काढून घेऊ का?’ हा प्रश्न नववी-दहावीतल्या मुलांचे पालक समुपदेशक म्हणून मला इतक्या वेळा विचारतात की, त्याचे उत्तर एका अनुभवातूनच द्यावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दहावीतली ही मुलगी रात्री एक-दीडपर्यंत पांघरुणात इन्स्टाग्राम पाहत असे. सकाळी डोके दुखे, अभ्यासात लक्ष लागत नसे. आईने दोनदा मोबाइल कपाटात कुलूपबंद केला आणि दोन्ही वेळा घरात रडारड झाली. पहिल्या दोन भेटींत ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत गप्प बसली. तिसऱ्या भेटीत, ‘किती वेळ पाहतेस?’ असे न विचारता, ‘काय पाहतेस ते दाखवशील?’ असे मी म्हटले. तिने एका मैत्रिणीच्या वाढदिवसाची स्टोरी दाखवली. नेहमीच्या सगळ्याजणी होत्या, हिला मात्र बोलावणे नव्हते. स्टोरी 24 तासांत नाहीशी होते, म्हणून तिने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि रोज रात्री ती तेच पाहत होती.

‘त्यांनी मला बोलवायलाच हवं होतं,’ ती म्हणाली. मी ते वाक्य कागदावर लिहिले आणि त्यातला ‘च’ खोडून पुन्हा वाचायला सांगितले. तिने दोनदा वाचले.

‘आता नुसतं वाईट वाटतंय,’ ती हळूच म्हणाली, ‘मघाशी वाटत होतं, मी कुणालाच नकोय.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे भावनांमागचे विचार तपासून बदलण्याची पद्धत, हा माझ्या कामाचा पाया आहे. इच्छेचा हट्ट झाला की दुःखाचे नैराश्य होते, हे त्यांचे म्हणणे मराठीत एका अक्षरात पकडता येते, याचा मला थोडा अभिमानही आहे.

मोबाइल काढून घेतला असता, तर ते स्क्रीनशॉट तिच्या डोक्यात राहिलेच असते. म्हणून पालकांनी आधी मुलांशेजारी बसून, ती काय पाहतात ते न टोकता पाहावे. लाइक्सचा आकडा लपवण्याची आणि एखादीच्या स्टोऱ्या म्यूट करण्याची सोय त्यांना दाखवावी. झोप उडाली असेल, तर रात्रीचा नियम हवाच, पण तो साऱ्या घराला. या घरात दहानंतर सर्वांचे मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागू लागले. पहिल्याच आठवड्यात नियम मोडला तो वडिलांनी, आणि मुलीनेच त्यांना पकडले.