वेटिंग ६२ आणि ट्रॅव्हल्सचे २८०० रुपये

प्रश्न: ताई, मी नागपूरचा, जॉब पुण्यात, राहतो खराडीला. दिवाळीला घरी जायचंय आणि येताना आईला (वय ६८) महिनाभरासाठी इकडे आणायचंय. ट्रेनचं वेटिंग ६२ दाखवतंय, आणि एरवी हजार-बाराशे घेणारे ट्रॅव्हल्सवाले आता २८०० सांगतायत. रूममेट म्हणतो समृद्धी झाल्यावर ट्रेननं जातं कोण, स्लीपर काढ आणि झोपून जा. बाबा म्हणतात बसचं नावही काढू नकोस. काय करू?

उत्तर: अरे, रूममेटचंही खरं आणि बाबांचंही, फक्त दोघं वेगवेगळ्या प्रवाशाबद्दल बोलतायत. तू एकटा जाणार तेव्हा बस चालून जाईल, आईला घेऊन येताना मात्र ट्रेनच, तिथं दुसरा विचार नको.

आधी त्या समृद्धीचं बघू. ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, सगळं छान, पण तो मुंबई-नागपूर आहे रे, पुण्यातून जातच नाही. तुझी बस आधी वाघोली, शिक्रापूर, मग नगर करत संभाजीनगरपर्यंत जुन्याच रस्त्यानं जाणार आणि तिथून पुढं समृद्धी. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी रात्री नऊला वाघोलीत काय असतं हे खराडीच्या माणसाला मी काय सांगायचं!

आता वेटिंग. नुसता ६२ आकडा बघू नको, त्याच्या आधीची अक्षरं बघ. जीएनडब्ल्यूएल (जनरल वेटिंग) असेल तर लोक कॅन्सल करतात तसं ते पुढं सरकतं, पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं वेटिंग) असेल तर फारशी आशा धरू नको. आझाद हिंद पुण्याहून थेट हावड्याला जाते, महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून गोंदियाला, या गाड्यांत आपण मधल्यामधले प्रवासी, आपला कोटा छोटा. त्यामुळं पुण्यात सुटून नागपुरात संपणारी गाडी आधी शोधायची. आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंग चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर तिकीट आपोआप कॅन्सल होतं, थोडे पैसे कापून बाकीचे परत येतात, म्हणजे ते ठेवून देण्यात फार नुकसान नाही पण त्याच्या भरवशावर बॅग भरू नको. आरएसी (म्हणजे अर्धा बर्थ) झालं तर जरूर जा, साइड लोअरवर दोघांनी अर्धं अर्धं बसायचं, पाठ मोडते पण पोचतो. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं लागतं, ते आजच करून ठेव, दहाला पाच मिनिटं असताना ओटीपीची वाट बघत बसू नको.

२८०० चं म्हणशील तर खासगी बसनं एसटीच्या तशाच गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही असं सरकारनं २०१८ मध्येच ठरवून दिलंय. एसटीचं भाडं बघ, दीडनं गुण, त्यावर मागत असतील तर स्क्रीनशॉट काढून आरटीओकडं तक्रार कर. दिवाळीच्या आत काही होईल असं मी म्हणत नाही, पण करावी.

बसच काढलीस तर लोअर, मधल्या भागातला, सिंगल. मागच्या चाकावरचा बर्थ स्वस्त दिसला तरी नको, प्रत्येक स्पीडब्रेकरला माणूस इंचभर उडतो. मी एकदा घेतला होता, वर एसीचं झाकण तुटलेलं, आधीच्या कुणीतरी तिथं पायमोजा कोंबून ठेवलेला, मी नाक मुरडून काढला आणि तासाभरात कुडकुडत परत कोंबला. आणि चढल्या चढल्या आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठंय ते बघून घे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, दाराची बाजू खाली गेली होती म्हणून दारातून कुणाला निघता आलं नाही, जे वाचले ते काच फोडून. बाबांच्या डोक्यात तेच असणार, त्यांना हसू नको.

आता आई. इथं पैशाचा प्रश्नच नाहीये, बाथरूमचा आहे. माझी आई बसनं यायची तेव्हा दुपारी चारपासून पाणी बंद करायची, मला हे पहिली दोन वर्षं कळलंच नाही. रात्री दोनला पडदा सारून, पुढं केबिनपर्यंत धरत धरत जाऊन, क्लीनरला "दादा जरा थांबवता का" म्हणायचं आणि मग तो ज्या ढाब्यावर थांबवेल तिथलं जे काही असेल ते. ट्रेनमध्ये ती उठते, जाऊन येते, कुणाला काही विचारावं लागत नाही. तिकीट ६० दिवस आधी उघडतं ते धर, भाऊबीजेनंतरचा रविवार सोडून मधला वार घे. आणि एक गंमत ऐक, ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा कोटा असतो पण तुझं नाव त्याच तिकिटावर घातलंस की तो मिळत नाही. आईचं तिकीट वेगळं काढ. डबा वेगळा आला तरी रात्री जेवण देऊन ये आणि अकोला-बडनेऱ्याच्या आसपास जाग असली तर चहा घेऊन जा... अरे हो, तू तर उलटा येणार, सकाळी दौंडला जा मग.

प्रश्न: मुलगी पहिल्यांदाच एकटी रात्रीच्या बसनं लातूरहून पुण्याला जाणार आहे. ट्रेनचं तिकीट नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर: डबल बर्थ अजिबात नको, सिंगलच घ्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरायचं कुठं आणि किती वाजता. लवकरची बस घेतली की ती पहाटे साडेतीनला हडपसरच्या पुलाखाली उतरणार आणि रिक्षावाला म्हणेल तो भाव. उशिराची घ्या, उजेडात पोचू दे. एसटी असेल तर स्वारगेटसारख्या स्टँडच्या आत नेऊन सोडते, दिवे असतात, माणसं असतात, आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं. सीट मागं फारशी जात नाही हे खरंय, मानेची उशी द्या.

प्रश्न: माझा मिडल बर्थ होता, खालचे काका साडेसातला "झोपायचंय" म्हणून बर्थ उघडू लागले. नियम काय?

उत्तर: रात्री १० ते सकाळी ६. काकांना पत्ते खेळायला बसवा.