अ‍ॅक्युपंक्चरच्या विद्यार्थ्यांना अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी किती शिकवावी? त्यांचं त्यात लक्षच लागत नाही.

लागणार कसं? पहिल्या सत्रात फुप्फुसाचे खंड, वायुकोश, वायूंची देवाणघेवाण. तिसऱ्या सत्रात खांद्यावरचे बिंदू. मधे वर्ष जातं. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. त्याचं काय झालं ते सांगते.

प्रात्यक्षिकाच्या तासाला एका मुलीने वर्गमैत्रिणीच्या खांद्यावर जीबी-२१ला, म्हणजे मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधल्या बिंदूला, सुई घातली. मैत्रीण अंगाने अगदी काडी. पुस्तकात खोली अर्धा ते पाऊण त्सुन (एक त्सुन म्हणजे रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी) लिहिलेली, सुई ४० मिलिमीटरची, आणि घातली सरळ खाली. तासाला काहीच झालं नाही. रात्री जिना चढताना मैत्रिणीला पाठीत कळ आली, कोरडा खोकला सुरू झाला. तिने बिंदू शिकवणाऱ्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "दे-ची जोरात लागलीय, उद्यापर्यंत बसेल." दे-ची म्हणजे सुई लागल्यावर येणारी जड, बधिर जाणीव. सकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा एक वाक्य दोन श्वासांत बोलत होती. मी थेट एक्स-रेला पाठवलं. फुप्फुसाच्या कडेने हवेची बारीक पट्टी दिसत होती. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा शिरलेली. थोडक्यात निभावलं, नुसत्या निरीक्षणावर भागलं.

त्यानंतर सरांचं आणि माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "फुप्फुस तर तूच शिकवलं होतंस ना? मग?" हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. सुई घालणाऱ्या मुलीला श्वसनसंस्थेत पैकीच्या पैकी मार्क होते. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येतं, हेही तिने पेपरात लिहिलं होतं. समोरच्या जिवंत खांद्यात ते कुठे आहे, हे मात्र तिला कधी कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून माझं मत: बिंदू आणि त्याखालचं शरीर एकाच तासाला शिकवा. जीबी-२१ म्हटलं की ट्रॅपिझियस (मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू) चिमटीत उचलायचा आणि सुई तिरकी, तीही उथळ. सीव्ही-१७ (छातीच्या मधोमधचा बिंदू) म्हटलं की सांगायचं, काही लोकांच्या उरोस्थीत तिथे जन्मजात भोक असतं आणि पलीकडे हृदय असतं. तिथे सरळ घातलेल्या सुईने माणूस दगावल्याची नोंद आहे. पीसी-६ (मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू) म्हटलं की त्याखालची मीडियन नर्व्ह. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा फार्माकॉलॉजीचा धडा नाही, सुई उचलण्याआधी विचारायचा प्रश्न आहे. क्रेब्ज सायकल (पेशीत ऊर्जा तयार होण्याची साखळी) मी गाळली. कुणाचं काही अडलं नाही.

भाषांतराच्या फंदातही पडू नका. चिनी वैद्यकातली प्लीहा अन्न पचवते. शस्त्रक्रियेने प्लीहा काढलेला माणूसही व्यवस्थित जेवतो, पचवतो. दोन्हींना एकच शब्द असला तरी गोष्टी दोन आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. नाहीतर विद्यार्थी रुग्णाला "तुमचं यकृत अडकलंय" म्हणतो आणि तो बिचारा लिव्हरच्या तपासण्या करत फिरतो.

आणि एंडॉर्फिनचा (शरीर स्वतः बनवतं त्या वेदनाशामकाचा) धडा अ‍ॅक्युपंक्चरची वकिली करायला वापरू नका. १९७७ साली नॅलॉक्सोन (एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध) दिल्यावर सुईने आलेली वेदनाशामकता उतरली, हे खरं. त्यातून मेरिडियन, म्हणजे ज्यांवर हे बिंदू असतात असं मानतात त्या वाहिन्या, सिद्ध होत नाहीत.

तासांचं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टर नसलेल्यांच्या पूर्ण प्रशिक्षणाला २५०० तास आहेत, त्यातले किमान १००० प्रात्यक्षिकाचे. तुमचं वेळापत्रक तुम्हाला माहीत.

हेही सांगायला हवं: न्यूमोथोरॅक्स दुर्मीळ आहे, मुलांना घाबरवून सोडू नका. आणि मी स्वतः सुया घालत नाही, शिकवते फक्त; सर हे दर बैठकीत ऐकवतात. पण त्या रात्री फोन त्यांनी घेतला होता. दे-ची सुईच्या जागी जाणवते, जिना चढताना दम लावत नाही, एवढं फिजिऑलॉजी त्यांनाही यायला हवं होतं.

आता माझ्या वर्गात मुलं एकमेकांच्या पाठीवर आणि खांद्यावर फुप्फुसाची कड आखतात, मगच सुईचं पाकीट फोडतात. भुवयांची पेन्सिल घ्या. मार्कर दोन दिवस निघत नाही.