दाढ ठणकतेय, तरी डॉक्टरांनी अँटिबायोटिक का दिलं नाही?

तुम्ही लिहिलंय, तीन रात्री झोप नाही, फॅमिली डॉक्टरांनी नुसत्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, आता फार्मसीतून अँटिबायोटिक आणून घेऊ का?

नका घेऊ. माझा दवाखाना गोव्यात, डिचोलीत आहे. मी दातांचा डॉक्टर नव्हे, पण गाल धरून आलेला पेशंट आठवड्याला एखादा तरी असतोच, आणि कुणाकुणाच्या तोंडाला फेणीचा वास. (दाढेत फेणी धरायची हा आपल्याकडचा जुना उपाय. घटकाभर बधिर वाटतं, हिरडी मात्र भाजते, आणि थोडी पोटातही जातेच. तीवर गोळ्या घेऊ नका.)

कीड दातातल्या नसेपर्यंत पोचली की आत सूज येते. हातापायाला सूज आली तर कातडी ताणते, इथे चारी बाजूंनी टणक भिंत, फुगायला जागाच नाही. म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून तो रात्री वाढतो. या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ताप आला, गाल सुजला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आम्हीच देतो, तेही दाताच्या उपचारासोबत.

आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी, जेवणानंतर दिवसातून तीनदा. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण किंवा डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन नको, नुसतं पॅरासिटामॉल. उशाला एक उशी जास्त घ्या. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर चालेल. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, तिथे पांढरा चट्टा पडतो.

एकदा मीच फसणार होतो. डावा खालचा जबडा दुखतो म्हणून एक गृहस्थ आले. दात ठोकून पाहिले, एकही दुखेना. घराची चढण चढताना दुखतं, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. ईसीजी काढला, तर दुखणं हृदयाचं निघालं.

जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळवेना, असं झालं तर सकाळची वाट न पाहता 108ला फोन करा आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज गाठा. एरवी गोवा डेंटल कॉलेजही बांबोळीलाच आहे. रूट कॅनल की दाढ काढायची, ते तिथले डॉक्टर ठरवतील. मात्र गोळीने ठणका थांबला म्हणून ‘चवथ (गणेश चतुर्थी) झाली की बघू’ म्हणू नका. असं म्हणून गेलेले चवथीच्या आदल्या रात्रीच माझं दार वाजवतात.