बर्चच्या पानातल्या शेवया

प्रश्न : ताई, आम्ही लीड्सला राहतो, मागच्या अंगणात बर्चचं एक झाड आहे. मार्चअखेर ऊन पडलं की त्याच्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढे सोनेरी-जांभळे पतंग भर दिवसा उडायचे. आता मे महिन्यात कोवळ्या पानांवर मोठे तपकिरी डाग पडलेत, पापुद्रा सुटल्यासारखे, आणि पान उजेडात धरलं की आत काळसर शेवयांचा गुंता दिसतो. पतंगाचा फोटो पाठवतेय. नाव सांगाल का? फवारणी करू का?

उत्तर : अहो, त्या शेवया म्हणजे अळीची शी! आणि ओळख पटते ती त्यावरूनच. पान पोखरणारे बरेच असतात पण अशी लांब लांब धाग्यांची विष्ठा, तीही एप्रिल-मेमध्ये, म्हणजे एरिओक्रेनिया, चिमुकल्या पतंगांचा एक गट. मादी कळीतच अंडं घालते, पान उलगडेपर्यंत अळी आत जेवायला बसलेली. डागात धाग्यांऐवजी सुटे कण दिसले असते आणि अळीला पाय असते तर ती फेनुसा नावाची सॉफ्लाय, म्हणजे पतंग नाहीच, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली. आणि डागाऐवजी नागमोडी बारीक रेघ असती (आपल्याकडे लिंबाच्या पानावर नागअळी काढते ना, तशी) तर मी स्टिग्मेला, म्हणजे चिमुकल्या पतंगांचा दुसरा गट, म्हटलं असतं.

आता नेमकी जात कोणती, तर खरं सांगते, फोटोवरून नाही सांगता येत. सेमिपर्पुरेला आणि सँगिआय हे दोन पतंग इतके सारखे की सूक्ष्मदर्शकाखाली चिरफाड करावी लागते. त्यापेक्षा एक डाग नखाने अलगद उघडा. आत बिनपायाची अळी काळपट करडी निघाली तर सँगिआय, प्रश्न मिटला. पांढरी निघाली तर बहुधा सेमिपर्पुरेला, पण पांढऱ्या अळीच्या आणखी दोन-तीन जाती बर्चवर आहेत म्हणून छातीठोकपणे नाही म्हणणार. एकाच डागात तीन-चार अळ्या सापडल्या तर सिकॅट्रिसेला असू शकते.

फवारणी अजिबात नको, अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये सुरक्षित बसलीय आणि झाड नवीन पानं काढतंच. शिवाय थोड्याच दिवसांत ती जमिनीवर पडून मातीत कोष करेल. आतल्या प्युपाला (अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) चक्क जबडे असतात बरं का, पुढच्या वसंतात तो कोष कातरून माती उकरत वर येतो!

तर या शनिवार-रविवारीच डाग उघडून बघा, जूनमध्ये आत नुसत्या शेवया उरतील. अळीचा रंग कळवा.