तुझ्या कादंबरीतल्या पक्षाविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणे वाचली. शेतकरी-कामगारांचा एक डावा पक्ष तू कल्पनेने उभा केला आहेस; त्याचा झेंडा, घोषणा, जाहीरनामा सारे जागच्या जागी आहे, पण त्यात कुणाचे कुणाशी बिनसत नाही, आणि तिथेच तो मला खोटा वाटला.

शेतकरी कामगार पक्षाचा इतिहास बारकाईने पाहा. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी तो उभारला, १९५० साली दाभाडी येथे स्वीकारलेल्या वैचारिक प्रबंधाने मार्क्सवादाची कास धरली, आणि पुढे काही वर्षांतच हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. याला व्यक्तींची धरसोड म्हणून सोडून देणे मला पटत नाही. मालाला चढा भाव मागणारा बागायतदार, स्वस्त धान्य मागणारा गिरणी कामगार आणि त्याच बागायतदाराकडे मजुरीवाढ मागणारा भूमिहीन, या तिघांना एकत्र बांधणे मुळातच अवघड असते.

म्हणून एक प्रसंग अवश्य लिही. तालुक्याच्या बैठकीत उसाच्या दरावर तावातावाने बोलून कार्यकर्ता खाली बसतो, आणि त्याच्याच रानात खुरपणीला जाणारी बाई उठून विचारते, की आमच्या रोजाचा ठराव कधी घेणार? त्यावर अध्यक्ष तिला बोलू देतात की घाईने पुढचा विषय पुकारतात, एवढे दाखवलेस तरी तुझा पक्ष वाचकाला कळेल.

एकजूट होतच नाही, असे मात्र लिहू नकोस. हा पक्ष जन्मण्याआधीच, १९३३ साली, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची, म्हणजे कुळांकडून खंड वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसण्याचे नाकारले आणि सुमारे सहा वर्षे शेते पडीक ठेवली. खोतीविरुद्ध सगळ्यांचे हित एकच होते, म्हणून इतकी वर्षे निभावली. १९८४ साली याच पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उठले, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क आला. जमीन गेलेले ते घर पुढे शेतकऱ्याचे राहते की कामगाराचे होते, हा प्रश्न तुझ्या कादंबरीला पुरून उरेल.

तुझा नायक नुसत्या भाषणांवर निवडून येतो, तेही बदल. याच पक्षाचे गणपतराव देशमुख दुष्काळी सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले; अशा माणसाचा दिवस पाण्याच्या, चाऱ्याच्या अर्जांत जातो. निवडणुकीचे प्रकरण मागे ठेव, बैठकीचे आधी लिही आणि तेवढेच मला पाठव.

तुझा स्नेहांकित