माझ्या पगारातले 200 रुपये

प्रश्न : मी अंबाजोगाईत शिक्षक आहे. दर महिन्याला पगारातून प्रोफेशनल टॅक्सचे 200 रुपये कटतात, फेब्रुवारीत 300, वर इन्कम टॅक्स वेगळा. मी कुणाला लुबाडलं नाही, अभ्यास करून नोकरी मिळवली. मग माझे पैसे काढून दुसऱ्याला देणं हा सामाजिक न्याय कसा? उदारमतवाद म्हणजे स्वातंत्र्य ना?

उत्तर : सर, तुमचा प्रश्न अजिबात फालतू नाही. अमेरिकेतला तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक 1974 मधे हेच म्हणत होता, की राजीखुशीच्या व्यवहारातून आलेला पैसा त्या माणसाचाच आणि कष्टाच्या कमाईवरचा कर म्हणजे वेठबिगारीच्या बरोबरीचा. पण त्याच्याच विद्यापीठातले, हार्वर्डचे, जॉन रॉल्स 1971 मधे वेगळं सांगून बसले होते आणि मला ते जास्त पटतं.

आपल्याकडं भावाभावात वाटणी होते तेव्हा शहाणी माणसं काय करतात, एकानं हिस्से पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. मग हिस्से पाडणारा विहीर आणि काळं रान एकाच तुकड्यात घालतच नाही, मुरमाड आपल्याच गळ्यात पडलं तर? रॉल्सनी हे अख्ख्या समाजाला लावलं. समजा तुम्हाला माहीतच नाही की तुमचा जन्म मांजरा धरणाखालच्या ऊसवाल्याच्या घरी होणारय की गेवराईकडच्या तांड्यावर, जिथं आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि पोराची निम्मी शाळा तिथंच बुडते. आता लिहा नियम. रॉल्स म्हणतात की आधी सगळ्यांना सारखं स्वातंत्र्य, ते पैशासाठी विकायचं नाही, मग संधी खरोखर सगळ्यांना खुली, आणि त्यानंतरही जी विषमता राहील ती सगळ्यात खालच्या माणसाच्या भल्याची असेल तरच चालेल. म्हणजे तुमचा पगार जास्त आहे हा गुन्हा नाहीच. अभ्यास तुम्हीच केलात, पण अभ्यासाला बसायला घर आणि वर्षभर चालणारी शाळा मिळाली, ती कमाई कुणाची?

आणि ते 200 रुपये. 1972 चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, खडी फोडून, पाझर तलावावर माती वाहून लोक जगले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, तिला पैसा पाहिजे म्हणून 1975 मधे हा व्यवसाय कर, म्हणजे तुमचा प्रोफेशनल टॅक्स, आला, 1977 मधे रोजगार हमीचा कायदा झाला, आणि कराइतकीच रक्कम सरकारनं स्वतःची घालायची असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराचं काम चालवायचं. ही भीक नव्हती हो, मागितलं की काम द्यायलाच पाहिजे असा हक्क होता, आणि हे आपल्या राज्यानं देशाच्या कितीतरी आधी केलं याचा मला फार अभिमान वाटतो.

रोजगार हमीतल्या बोगस मस्टरचा, म्हणजे खोट्या हजेरीपटाचा, राग येत असेल तर तो रास्तच आहे, त्यावर भांडलंच पाहिजे, पण उंदीर झाले म्हणून कुणी कणगी जाळत नाही.

राहिला नॉझिक. त्याचं अर्धंच सांगतात लोक. मुळातली मालकी अन्यायानं आली असेल तर ती दुरुस्त करावी लागते, हे तोच म्हणतो. आपल्याकडं मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचं राज्य, जहागिऱ्या, वेठ. 1949 ला जहागिऱ्या गेल्या, 1950 ला कूळ कायदा आला, पण कूळ म्हणूनसुद्धा ज्यांचं नाव कुठं नव्हतं, जे गायरान कसून पोट भरत होते, त्यातल्या कितीतरी घरांचं नाव अजून सातबाऱ्यावर चढलेलं नाही. नॉझिकच्याच नियमानं जायचं तर आधी त्यांचा हिशेब करावा लागेल.