पंख सरळ घासायचा तर आधी ठोकळा सरळ हवा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, छोट्या नमुना-विमानांच्या घासाईविषयी आहेत. घासाईची हत्यारे विकत आणावी लागत नाहीत, ती घरी करता येतात; मात्र ती मोजूनमापून केलेली असली पाहिजेत.

प्रश्न : ग्लायडरच्या पंखावर बाल्साची शीट चढवून पॉलिश पेपर मारला, तर रिबांच्या (पंखाच्या आतल्या आडव्या फासळ्यांच्या) रेषेवर शीट पातळ झाली आणि मधल्या भागात लाटा राहिल्या. याहून बारीक पेपर घ्यावा का? (जळगाव)

उत्तर : दोष कागदाच्या नंबरात नसून कागदामागच्या आधारात आहे. दोन रिबांच्या मधली शीट दाब पडताच खाली दबते आणि कागदाच्या तावडीतून सुटते, तर रिबेवरच्या शीटला खालून टेकू असल्यामुळे तिथेच ती झिजते. कागद बोटांनी किंवा रबराच्या आखूड ठोकळ्यावर धरला की हा फरक वाढतच जातो. म्हणून ठोकळा ताठ हवा आणि लांबीला इतका हवा की तो सतत किमान तीन रिबांवर टेकलेला राहील. माझ्या मते साधारण २२ इंच लांबीची एक पट्टी प्रत्येकाने आधी करून घ्यावी, कारण पॉलिश पेपरचा ताव ९ बाय ११ इंचांचा असतो आणि त्याच्या दोन लांब पट्ट्या टोकाला टोक लावून तेवढी लांबी बरोबर भरते. सांधा एकावर एक चढवू नये. तिरपा कापून भिडवावा, नाहीतर प्रत्येक फेरीत तो बाल्सावर ओरखडा उमटवील.

पट्टीसाठी खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा उरलेला तुकडा मागावा. तो सरळ आहे असे गृहीत धरू नये. जाड काचेच्या तुकड्यावर १५० नंबरचा कागद चिकटवावा, पट्टीच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा माराव्यात आणि पट्टी हलक्या हाताने त्यावर चार वेळा फिरवावी. जिथल्या रेघा पुसल्या तो भाग उंच, जिथल्या राहिल्या तो खोल. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत हेच करीत राहावे. काच मात्र सपाट ओट्यावर ठेवावी, कारण टेबल डगमगते असेल तर काचही वाकते.

कागद चिकटवायला पातळ दुहेरी टेप उत्तम. फोमची टेप दबते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने कागद फुगून सुरकुततो. घासताना पट्टी पंखाला तिरपी धरून चालवावी आणि वरून दाब देऊ नये, तिचे स्वतःचे वजन पुरेसे असते.

प्रश्न : शेतात ठिबकच्या नळीचे तुकडे पुष्कळ पडलेले असतात. पंखाच्या पुढच्या कडेची गोलाई घासायला ते चालतील का? (चोपडा)

उत्तर : ठिबकची काळी लॅटरल चालणार नाही. ती पॉलिथिनची असते, तिला टेप किंवा चिकटवायचे रबरी सोल्यूशन नीट धरत नाही, शिवाय ती वाकते. पीव्हीसी पाइप घ्यावा. २० किंवा २५ मिलिमीटरचा वीतभर तुकडा उभा चिरून त्याच्या पन्हळीत आतून कागद चिकटवला की पुढची कड एकसारखी गोल होते. पाइपवर लिहिलेले माप बाहेरच्या व्यासाचे असते, म्हणून आतला व्यास स्वतः मोजावा आणि त्यातून कागदाची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी. आधी लांब पट्टीने कडेला तीन-चार चपटे पैलू पाडून घ्यावेत, मगच पन्हळ वापरावी. थेट पन्हळीने सुरुवात केल्यास कड नागमोडी होते.

प्रश्न : मे महिन्याच्या उन्हात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकडी होईल का? (धुळे)

उत्तर : नाही. तापमान २० अंशांनी वाढले तरी अर्ध्या मीटरची पट्टी सुमारे पाव मिलिमीटर लांब होते, वाकत नाही. उन्हाळ्यात सैल पडतो तो रबरी सोल्यूशनचा थर, आणि त्यावरचा कागद सरकतो. टेप वापरा, पट्टी पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका.

प्रश्न : पंखाचे दोन अर्धे भाग जोडताना मध्ये फट राहते. मुळाची, म्हणजे जोडाकडची, बाजू योग्य कोनात कशी घासावी? (नंदुरबार)

उत्तर : कोन डोळ्यांनी ठरवू नये, उंचीने ठरवावा. अर्धा पंख ६०० मिलिमीटरचा असेल आणि प्रत्येक बाजू ५ अंश उचलायची असेल, तर टोक ५२ मिलिमीटर उंच करावे. पंखाच्या मुळाखाली ६ मिलिमीटर प्लायची पट्टी ठेवावी, म्हणजे कागद खालच्या कडेपर्यंत पोहोचतो. त्या हिशेबाने टोकाखालचा ठोकळा ५८ मिलिमीटरचा होईल. पंखावर वजन ठेवून चौकोनी नळीच्या उभ्या बाजूला १५० नंबरचा कागद लावावा आणि नळी टेबलावर टेकवूनच मुळाशी पुढेमागे सरकवावी. नळी काटकोनात आहे की नाही हे आधी गुण्याने तपासावे. दुसऱ्या अर्ध्यासाठी तेच दोन ठोकळे वापरावेत.

प्रश्न : सांध्यावरचा फेव्हिक्विक घासताना शेजारचा बाल्सा खोल जातो. (भुसावळ)

उत्तर : वाळलेला गोंद बाल्साहून पुष्कळ कठीण असतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, आइसक्रीमच्या काडीवर २४० नंबरचा कागद चिकटवून फक्त गोंदाची रेघ उतरवावी आणि ती टेपला भिडली की थांबावे. मग टेप काढून लांब पट्टीने ३२० चा हलका हात फिरवावा. भुशाने भरलेला कागद जुन्या टूथब्रशने झाडला की पुन्हा कापू लागतो. घासताना मास्क बांधावा आणि पंखा बंद ठेवावा, कारण बाल्साचा भुसा इतका हलका असतो की तो बराच वेळ हवेत तरंगत राहतो.